मेमरी साफ करता करता पडताळणी बंद पडली: वडोदऱ्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीची ही हकिगत आहे. मालक दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातले. कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना काका म्हणतात. मोटारी, पंप आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यावर नजर ठेवणारी एक पेटी ही कंपनी बनवते. कंपनीचे आणि ग्राहकांचे नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र घडला तसाच आहे.

पेटीत एआरएम प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि लिनक्स. मॉडबसवरून (कारखान्यातल्या उपकरणांची संवादपद्धत) तापमान, करंट आणि कंपने वाचायची आणि दर मिनिटाला सिमकार्डाच्या इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवायची, हे तिचे काम. प्रोग्रॅम सी भाषेत, एनक्रिप्शनसाठी ओपनएसएसएल १.०.२ ही लायब्ररी. दर मिनिटाला एक नवा थ्रेड (प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारे काम) सुरू होई, जोडणी करी, सर्व्हरचे प्रमाणपत्र (तो खरा असल्याचा डिजिटल दाखला) तपासी, आकडे पाठवी आणि उत्तरादाखल आलेल्या सूचना घेऊन बंद होई. या सूचनांमध्ये अलार्मच्या मर्यादा असत, आणि काही ठिकाणी मोटर बंद करण्याचा आदेशसुद्धा. पुढचे सगळे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

प्रोग्रॅमचे काम दोघांकडे होते. एक अनुभवी अभियंते, मूळचे हार्डवेअरचे. दुसरी कलाभवनातून, म्हणजे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, नुकतीच शिकून आलेली मुलगी. ती त्यांना दादा म्हणे.

अडचण

२०१९च्या उन्हाळ्यात नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्याने तक्रार केली. आलेखात चार-पाच दिवसांनी एकदा दोन-तीन मिनिटांची फट दिसते, तीही वेळीअवेळी. पेटीचा लॉग पाहिल्यावर कारण उघड होते: मेमरी संपली, कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) हा प्रोग्रॅम मारला आणि वॉचडॉगने (बंद पडण्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेने) पेटी पुन्हा सुरू केली.

इथेच एक साधे गणित मांडता आले असते. दर मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १,४४० जोडण्या. दिवसाला साडेआठ एमबीच्या आसपास मेमरी जात होती, म्हणजे एका जोडणीमागे साधारण सहा किलोबाइट. हा आकडा सांगतो की गळती, म्हणजे घेऊन परत न केलेली मेमरी, लहान आहे, नियमित आहे आणि प्रत्येक जोडणीला होते आहे. शोध कुठे घ्यायचा हे त्यावरूनच ठरायला हवे होते. ते गणित त्या वेळी कोणी केले नाही, आणि पुढची बरीचशी वाट तिथे चुकली.

पहिली दुरुस्ती

दादांनी प्रोग्रॅम टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी बनवला आणि व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली एकदा चालवला. एक जोडणी, आकडे पाठवले, बाहेर. अहवालात ‘डेफिनिटली लॉस्ट’ (नक्की हरवलेली मेमरी) शून्य, पण ‘स्टिल रीचेबल’ (अजून हाताशी असलेली) या सदरात मेमरीचे बरेच ठोकळे. ओपनएसएसएल १.०.२ वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असे दिसणे अगदी नेहमीचे आहे. लायब्ररी सुरू होताना अल्गोरिदमांच्या नावांची आणि त्रुटींच्या मजकुरांची कोष्टके एकदाच भरते आणि प्रोग्रॅम संपेपर्यंत बाळगते. त्यांचे पत्ते लायब्ररीकडे असतात, म्हणून ती ‘रीचेबल’. ती वाढत नाहीत. जे वाढत नाही ते दिवसाला साडेआठ एमबी खाऊ शकत नाही.

दादांना मात्र तो अहवाल कोरा करायचा होता. १.०.२ साठी शेवटच्या साफसफाईची एक यादी सगळीकडे फिरत असते: इंजिन_क्लीनअप, कॉन्फ_मॉड्यूल्स_अनलोड, ईव्हीपी_क्लीनअप, क्रिप्टो_क्लीनअप_ऑल_एक्स_डेटा, ईआरआर_फ्री_स्ट्रिंग्ज. यादी बरोबर आहे. ती प्रोग्रॅम बंद होताना, एकदाच, बाकी कोणी लायब्ररी वापरत नसताना चालवायची असते. दादांनी ती आकडे पाठवणाऱ्या फंक्शनच्या शेवटी घातली. पुन्हा व्हॅलग्राइंड. आता अहवाल म्हणाला: सगळे ठोकळे परत केले, गळती शक्यच नाही.

आणि तशी आवृत्ती काही पेट्यांवर गेली.

पुरातला निर्णय

३१ जुलै २०१९ला वडोदऱ्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले, रस्ते बंद झाले. नेमक्या त्याच दिवसांत नव्या आवृत्तीच्या पेट्या गप्प झाल्या. सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटाचे आकडे येत; दुसऱ्या मिनिटापासून प्रत्येक जोडणी पडे. लॉगमध्ये त्रुटीचा क्रमांक, त्याचा अर्थ ‘अननोन मेसेज डायजेस्ट अल्गोरिदम’.

कारण आज सांगायला सोपे आहे. ईव्हीपी_क्लीनअप अल्गोरिदमांचे कोष्टक पुसते, आणि ते कोष्टक सगळ्या प्रक्रियेचे सामाईक असते. प्रमाणपत्रावरची सही तपासताना लायब्ररी त्यात सहीसाठी वापरलेला एसएचए-२५६ वगैरे अल्गोरिदम शोधते. न सापडल्यास पडताळणी अयशस्वी. कोष्टक भरणारे एसएसएल_लायब्ररी_इनिट मेन फंक्शनमध्ये एकदाच होते, त्यामुळे पहिल्या जोडणीनंतर ते पुन्हा कधी भरलेच जात नव्हते. वाड्यातल्या एका भाडेकरूने खोली सोडताना सगळ्या वाड्याचा नळ बंद करावा, तसे ते झाले. टेबलावरच्या चाचणीत हे दिसले नाही, कारण ती चाचणी एका जोडणीनंतर संपायची.

जागेवर जाणे अशक्य. पावसात पंप आणि ट्रान्सफॉर्मर यांचे आकडे ग्राहकाला नेहमीपेक्षा जास्त हवे होते. पेट्यांवर दूरून लॉगिन करता येत होते. दादांनी पाहिले की त्रुटी पडताळणीतून येते, आणि एक ओळ बदलली: एसएसएल_व्हेरिफाय_पीअरच्या जागी एसएसएल_व्हेरिफाय_नन, म्हणजे ‘समोरच्याला तपास’ऐवजी ‘कोणाला तपासू नको’. आकडे पुन्हा येऊ लागले.

या निर्णयाबद्दल मी कठोर बोलणार नाही. घरात पाणी शिरलेले असताना, फोन वाजत असताना, माणूस जे चालेल ते करतो. पण परिणाम स्पष्ट मांडायला हवा. माहिती अजूनही एनक्रिप्ट होत होती, फक्त कोणासाठी होते आहे हे पेटीला ठाऊक नव्हते. मध्ये बसलेल्या कोणीही स्वतःचे प्रमाणपत्र पुढे केले असते तरी पेटीने ते घेतले असते, आणि त्याच्याकडून मोटर बंद करण्याचा आदेशही घेतला असता. प्रोग्रॅममध्ये प्रमाणपत्रावरचे नाव जुळवणारे एक हाताने लिहिलेले फंक्शन होते, ते चालूच होते. त्यामुळे ‘काहीतरी तपासणी तर होतेच आहे’ असे दोघांनाही वाटत राहिले. सही न तपासता नाव जुळवण्याला काही किंमत नाही. हवे ते नाव घालून प्रमाणपत्र कोणीही घरी बनवू शकतो.

एवढे करूनही मेमरी वाढतच होती. पेट्या पूर्वीसारख्याच चार-पाच दिवसांनी रीस्टार्ट होत होत्या.

समोर असलेले पर्याय

गणपतीच्या थोडे आधी काकांनी मला बोलावले. त्यांची अपेक्षा मेमरीचा प्रश्न सोडवण्याची होती. पडताळणी बंद असल्याचे कोड वाचताना कळले. मी म्हटले, आधी हे. काका म्हणाले, “पेटी चालू आहे, ग्राहक शांत आहे, मग घाई कशाची?”

“काका, पेटी कोणाशी बोलतेय ते तिला आता कळत नाही. मोटर बंद करायचा आदेश आला तर तो आपला की परक्याचा, हे ती विचारणार नाही.”

त्यावर त्यांनी दुसरा प्रश्न केला नाही.

मेमरीसाठी चार वाटा चर्चेत आल्या. रोज पहाटे प्रोग्रॅम स्वतःहून बंद करून सुरू करायचा, ही पहिली. तात्पुरती म्हणून ती बरी होती: फट ठरलेल्या वेळी आणि काही सेकंदांचीच पडली असती. कायमची म्हणून नाही, कारण गळतीचा वेग उद्या बदलला तर कोणाला कळणारही नाही.

दुसरी, दर मिनिटाला नवी जोडणी करण्याऐवजी एकच उघडी ठेवायची. दादांचा कल इकडे होता. गळती जोडणीमागे होत असेल तर जोडण्या कमी केल्या की ती दिसेनाशी होईल, हे खरे; पण मोबाइल नेटवर्कवर जोडण्या तुटतातच, आणि सिग्नल जिथे वाईट तिथेच पेटी मेमरी गमावेल. म्हणजे दोष निघणार नाही, फक्त सगळ्यात अवघड जागी जाऊन लपेल.

तिसरी, लायब्ररीच बदलायची. लहान उपकरणांसाठी एम्बेडटीएलएस किंवा वुल्फएसएसएल घ्यायची. चांगल्या लायब्रऱ्या आहेत. पण दोष आपल्या कोडमध्ये असेल तर तो आपल्याबरोबरच येतो.

चौथी, ओपनएसएसएल १.१.१ वर जायचे. हे तसेही करायचे होते, कारण १.०.२ चा आधार ३१ डिसेंबर २०१९ला संपणार होता. शिवाय १.१.० पासून लायब्ररी स्वतः सुरू होते आणि प्रोग्रॅम संपताना स्वतःची साफसफाई स्वतः करते, म्हणजे घोळ घालणारी ती सगळी यादीच नाहीशी होते.

मी क्रम असा धरला: पडताळणी आजच परत सुरू करायची, पहाटेचा रीस्टार्ट तात्पुरता लावायचा, गळती १.०.२ वरच शोधून सिद्ध करायची, आणि मगच १.१.१. आधी आवृत्ती बदलली असती आणि लक्षण निघून गेले असते, तर नेमके काय बरे झाले हे आम्हाला कधीच कळले नसते.

काय केले

साफसफाईची यादी फंक्शनमधून काढून मेनच्या शेवटी नेली आणि पडताळणी सुरू केली. पेट्या त्या दिवसापासून नीट जोडू लागल्या.

मग गळती. टेबलावरच्या चाचणीत दोन बदल केले. एक, प्रोग्रॅम एकाच धावेत शंभर जोडण्या करेल आणि दुसऱ्या धावेत हजार. दुसरा बदल मुलीने सुचवला आणि तोच निर्णायक ठरला. चाचणीच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र घरी बनवलेले होते, त्यात नाव फक्त जुन्या ‘कॉमन नेम’च्या रकान्यात होते. खऱ्या सर्व्हरच्या प्रमाणपत्रात नावे ‘सब्जेक्ट आल्टरनेटिव्ह नेम’ या विस्तारात होती. “दादा, आपण टेबलावर जी वाट तपासतो, ती फील्डमध्ये कधी चालतच नाही,” असे ती म्हणाली. चाचणीचे प्रमाणपत्र खऱ्यासारखे केले आणि अहवाल पालटला. शंभर जोडण्यांना ‘डेफिनिटली लॉस्ट’मध्ये शंभर प्रमाणपत्रे, हजार जोडण्यांना हजार. गळलेल्या वस्तूंची संख्या जोडण्यांच्या संख्येइतकी आली की तर्क करायला जागाच उरत नाही.

तरीही एक अडसर होता. व्हॅलग्राइंडने दाखवलेली फंक्शनांची साखळी एसएसएल_कनेक्टपासून डी२आय_एक्स५०९ पर्यंत, म्हणजे पूर्णपणे लायब्ररीच्या पोटात जात होती. दादा म्हणाले, “बघा, मी सांगत होतो. लायब्ररीच गळते आहे.” असा समज खूप अभियंत्यांचा होतो. व्हॅलग्राइंड मेमरी कुठे घेतली ते सांगते. ती परत करायची जबाबदारी कोणाची होती ते त्याला ठाऊक नसते. प्रमाणपत्र हँडशेकच्या (जोडणीच्या सुरुवातीच्या ओळखीच्या) वेळी लायब्ररीने बनवले, हे बरोबर. पण आमच्या नाव जुळवणाऱ्या फंक्शनने एसएसएल_गेट_पीअर_सर्टिफिकेट बोलावून त्यावर स्वतःचा हक्क नोंदवला होता. हे फंक्शन प्रमाणपत्राची संदर्भसंख्या (ते किती जण वापरत आहेत याची मोजणी) एकने वाढवते. पुढे एसएसएल_फ्री केल्यावर लायब्ररी आपला हक्क सोडते, आमचा तसाच राहतो, आणि एक्स५०९_फ्री होईपर्यंत प्रमाणपत्र मेमरीत बसून राहते.

एक्स५०९_फ्री लिहिलेले होते, फंक्शनच्या अगदी शेवटी. पण विस्तारातल्या नावांच्या लूपमध्ये नाव जुळले की तिथूनच ‘रिटर्न १’. म्हणजे यशस्वी जोडणीच प्रत्येक वेळी प्रमाणपत्र मागे सोडत होती, आणि त्याच्याबरोबर विस्तारातून काढलेली नावांची यादीही. ती जनरल_नेम्स_फ्रीने वेगळी परत करावी लागते. दोन्ही मिळून सुमारे सहा किलोबाइट. गणित जुळले.

दुरुस्ती म्हणून फंक्शनला बाहेर पडायचा एकच दरवाजा ठेवला: सगळे रिटर्न काढून शेवटच्या ‘क्लीनअप’ लेबलकडे गोटू, आणि तिथे दोन्ही फ्री.    शिवाय थ्रेड संपताना ईआरआर_रिमूव्ह_थ्रेड_स्टेट घातले, कारण १.०.२ मध्ये प्रत्येक थ्रेडची त्रुटींची रांग वेगळी असते आणि आपण सांगितल्याशिवाय जात नाही.

मग मुद्दाम बिघाड घडवले: चुकीचे नाव, मुदत संपलेले प्रमाणपत्र, हँडशेकच्या मध्येच तुटणारा सर्व्हर. त्यात आणखी एक गळती सापडली, मेमरीची नव्हे तर सॉकेटची (नेटवर्क जोडणीच्या टोकाची). हँडशेक फसल्यावर एसएसएल_फ्री होत होते पण क्लोज होत नव्हते. एसएसएल_सेट_एफडीने दिलेले सॉकेट लायब्ररी बंद करत नाही. ते उघडणाऱ्यानेच बंद करायचे असते. लिनक्सवर एका प्रक्रियेला सहसा १,०२४ फाइल उघडण्याची मुभा असते. नेटवर्क वाईट असलेल्या जागी ही मर्यादाही कधीतरी गाठली गेली असती.

एक कोडे शेवटपर्यंत छळत होते. सिग्नल मंद असलेल्या दोन जागी जोडणी व्यवस्थित होई आणि मग उत्तर वाचताना विनाकारण ‘एसएसएल त्रुटी’ म्हणून तुटे. सिग्नल चांगला तिथे कधीच नाही. लॉगमध्ये त्रुटीचा मजकूर होता ‘नो स्टार्ट लाइन’, जो नेटवर्कचा नाहीच. तो पीईएम फाइल (प्रमाणपत्रे मजकुराच्या रूपात ठेवणारी) वाचण्याचा आहे. पेटी आकड्यांबरोबर आपल्याकडच्या सीए (इतर प्रमाणपत्रांवर सही करणाऱ्या संस्था) प्रमाणपत्रांच्या मुदतीही कळवत असे, आणि त्यासाठी जोडणी झाल्यावर ती फाइल लूपमध्ये वाचत असे. शेवटचे प्रमाणपत्र संपले की पुढच्या वाचनाला काही सापडत नाही आणि थ्रेडच्या रांगेत ‘नो स्टार्ट लाइन’ पडून राहते. मग एसएसएल_रीडने ‘अजून काही आले नाही, थोड्या वेळाने या’ असे सांगितले तरी एसएसएल_गेट_एरर आधी रांग पाहते, तिथली शिळी त्रुटी बघते आणि जोडणी बिघडली असे उत्तर देते. चांगल्या सिग्नलवर उत्तर आधीच येऊन थांबलेले असल्याने ही वेळच येत नसे. फाइल वाचून झाल्यावर आणि प्रत्येक एसएसएल क्रियेच्या आधी ईआरआर_क्लीअर_एरर घातले, तुटणे थांबले.

हे सगळे सिद्ध झाल्यावर १.१.१. इथे नाव जुळवणारे ते फंक्शनच काढून टाकले. एसएसएल_सेट१_होस्टला नाव दिले की पडताळणीबरोबर नावही लायब्ररीच तपासते. गळकी ओळ दुरुस्त करण्यापेक्षा तिची गरजच न उरणे मला केव्हाही जास्त आवडते. सुरुवातीचे इनिट, थ्रेडची रांग काढणे, शेवटची यादी, सगळे गेले. मुलीने विचारले, “मग शेवटी ओपनएसएसएल_क्लीनअप तरी लिहायचं ना?” नाही. प्रोग्रॅम संपताना लायब्ररी ते स्वतः बोलावते, आणि ते एकदा झाले की त्या प्रक्रियेत लायब्ररी पुन्हा सुरू होऊ शकत नाही. ते जर कोणी जोडणीच्या शेवटी घातले असते तर जुलैचाच प्रसंग आणखी वाईट रूपात परत आला असता.

आधीच्या जोडणीचे सेशन पुन्हा वापरून हँडशेक हलका करायचा विचारही झाला. टीएलएस १.३ मध्ये (एनक्रिप्टेड जोडणीच्या नियमांच्या नव्या आवृत्तीत) सेशनची तिकिटे हँडशेक झाल्यानंतर येतात, त्यामुळे ती घ्यायला वेगळा कॉलबॅक लागतो आणि घेतलेले प्रत्येक सेशन परत करायची आणखी एक जबाबदारी येते. ते पुढच्या आवृत्तीवर ढकलले.

निष्पत्ती

पेटी दर तासाला स्वतःची व्हीएमआरएसएस, म्हणजे प्रोग्रॅमने प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी, लॉगमध्ये लिहू लागली. पहिल्या काही तासांत आकडा थोडा चढला आणि मग सपाट झाला. ग्राहकाच्या अभियंत्याने विचारले की रात्री काम कमी असताना तो खाली का येत नाही. परत केलेली मेमरी सी लायब्ररी पुढच्या मागणीसाठी स्वतःजवळ ठेवते, सगळी कर्नलला देत नाही. महत्त्वाचे एवढेच की रेषा चढत नाही. आठवडे गेले तरी ती चढली नाही तेव्हा पहाटेचा रीस्टार्ट काढला.

पडताळणी बंद असलेल्या काळात मध्ये कोणी बसले होते का, याचा पुरावा कुठेच नव्हता, आणि नाही असे सिद्धही करता येत नव्हते. म्हणून त्या सगळ्या पेट्यांचे पासवर्ड आणि टोकन बदलले. ग्राहकाला सांगायचे का, यावर बराच वाद झाला. काकांनी स्वतः पत्र लिहून कळवले. ग्राहक नाराज झाला, पण करार राहिला.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात आधी ते भागाकाराचे गणित. जोडणीमागे सहा किलोबाइट हे कळले असते, तर ‘स्टिल रीचेबल’च्या मागे कोणी गेलेच नसते आणि ती यादी फंक्शनमध्ये आली नसती.

चाचणीत किमान दुसरी जोडणी हवी होती. प्रत्येक आवृत्तीपूर्वी आता मकरपुऱ्यात दोन चाचण्या सक्तीच्या आहेत: हजार जोडण्यांची धाव, आणि पेटीसमोर खोटे प्रमाणपत्र ठेवणारा सर्व्हर. दुसऱ्या चाचणीत पेटीने नकार दिला तरच आवृत्ती बाहेर जाते. ही चाचणी जुलैमध्ये असती तर व्हेरिफाय_ननची ओळ टेबलावरच अडकली असती.

आणि माझ्या मते मुळात हवी होती ती एक सोय, जी त्या वेळी पेटीत नव्हती. पडताळणी फसली की आकडे टाकून देण्याऐवजी पेटीच्या फ्लॅशमध्ये साठवायचे आणि खरा सर्व्हर भेटल्यावर पाठवायचे. ३१ जुलैच्या रात्री दादांसमोर दोनच वाटा होत्या, आकडे नाहीत किंवा तपासणी नाही. पेटीत साठवणूक असती तर आकडे जागेवर जपले गेले असते, आणि ती एक ओळ बदलण्याऐवजी पाणी उतरेपर्यंत वाट पाहता आली असती. आताच्या पेट्यांत अठ्ठेचाळीस तासांचे आकडे मावतात.